बर्नडेट हेनेबरी आणि बहिणीचा कुत्रा

बर्नडेट हेनेबरीचा आवाज ज्यानं कधीच ऐकला नाही असा माणूस सेंट जॉन्समध्ये शोधून सापडायचा नाही. सबंध नोकरी तिनं इस्पितळाच्या टेलिफोन एक्स्चेंजवर काढली. कुणाचा मुलगा अपघातात सापडलेला असो, कुणाच्या बायकोला कळा सुरू झालेल्या असोत, पलीकडून आधी बर्नडेट बोलायची. "थांबा हं, जोडून देते," एवढंच म्हणायची, पण ते अशा शांतपणे, की फोन करणाऱ्याचा जीव जरा थाऱ्यावर यायचा. लग्न केलं नाही. आईवडील गेल्यावर आमच्या चढावरच्या गल्लीतलं पिवळं घर तिच्याकडे आलं. रविवारी चर्चच्या गायनवृंदात खालच्या सुरात गायची, खिडक्यांच्या काचा दर आठवड्याला पुसायची, आणि आपल्याविषयी कुणाला बोलायला जागा ठेवायची नाही.

आमच्या गल्लीतली घरं एकमेकांना खेटून आहेत, दोन घरांमध्ये भिंत एकच. शेजारी शिंकला तर इकडून 'देव भलं करो' म्हणावं. बर्नडेटच्या वरच्या अंगाला लिओ कीली आणि त्याची बायको स्टेला, आणि त्यांच्याही वर टेरेन्सची विधवा, फिलोमिना डूलिंग.

बर्नडेटची धाकटी बहीण रीटा तिकडे कार्बोनियरला राहायची. तिला विसर पडायला लागला. चुलीवर किटली ठेवून बाहेर निघून जायला लागली, तेव्हा तिला वृद्धाश्रमात ठेवावं लागलं. मुलगा लांब, देशाच्या दुसऱ्या टोकाला अल्बर्टात. तिचा कुत्रा डिग्बी आश्रमात चालणार नव्हता. रीटानं बर्नडेटचं मनगट धरलं आणि म्हणाली, "तू ने त्याला. तुझ्या घरी शांत असतं. त्याला बरं वाटेल." बर्नडेटनं जन्मात कुत्रा पाळला नव्हता, पण नाही म्हणवेना.

डिग्बी काळापांढरा, एक कान उभा आणि एक कायमचा पडलेला. घरात तो बर्नडेटच्या पायात पायात असायचा. ती न्हाणीघरात गेली की दाराच्या फटीला नाक लावून पडायचा. कोट अंगात घातला की थरथरायला लागायचा, तोंडातून लाळ गळायची. तिला वाटलं, रीटाची आठवण येत असेल, होईल सवय. ती त्याच्या डोक्यावरून हात फिरवून, त्याला बरंच काही समजावून सांगून बाहेर पडायची. परत यायची तेव्हा तो दारातच असायचा आणि वेड लागल्यासारखा उड्या मारायचा. मधल्या वेळात काय होतं ते तिला कळायला मार्गच नव्हता. ती तिथं नसायचीच.

एका संध्याकाळी ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंना सर्दी झाली म्हणून गायनवृंदाची तालीम रद्द झाली आणि बर्नडेट वाटेतून परत आली. बारीक पाऊस होता, धुकं होतं. तिच्या पायऱ्यांवर कुणीतरी बसलं होतं. लिओ. खुब्याचं ऑपरेशन झालेला पाय लांब पसरून, अंगावर रेनकोट, आणि तोंड तिच्या दारातल्या टपाल टाकायच्या फटीजवळ. तो आत बघून बोलत होता.

"अरे येणारेय ती. गायला गेलीये. देवाला ऐकवून झालं की येईल घरी. तोवर माझं ऐक. तर आमची बोट तेव्हा खडकाच्या अलीकडे होती, आणि माझा बाप म्हणतो, पोरा, आता वल्हं सोडलंस तर तुझ्या आईला तोंड दाखवू नकोस..."

आतून बारीक कण्हण्याचा आवाज आला. "हो ना," लिओ म्हणाला, "मीही तसंच केलं होतं तेव्हा."

"लिओ, काय करतोयस रे?" बर्नडेट म्हणाली.

तो उठायला धडपडला. कठड्याला धरून उभा राहिला. "काही नाही. गप्पा. तू गेलीस की रडतो तो, मग मी जरा बसतो."

"रडतो म्हणजे?"

"रडतो म्हणजे, लांडग्यासारखा. स्टेला म्हणते, बर्नीपेक्षा याचा सूर बरा लागतो."

"आणि तू कधीपासून बसतोयस असा?"

"आलाय तेव्हापासून." लिओनं टोपीवरचं पाणी झटकलं. "तुला उगाच घोर लागला असता म्हणून बोललो नाही. पण बर्नी, गल्लीतल्या कुणाचं डोकं फिरलं आणि त्यानं महापालिकेला फोन लावला, की संपलं. आमच्या स्किपरचं झालं तसं." त्यानं मान वळवून वरच्या बाजूला, फिलोमिनाच्या दाराकडे पाहिलं. "काही लोकांना तेवढंच येतं."

बर्नडेटनं खिशातून किल्ली काढली. लिओनंच तिच्या हातून घेतली आणि दार उघडून दिलं.

स्किपर हा लिओचा कुत्रा. मोठा, लालसर, भुंकायला लागला की ऐकतच नसे. काही वर्षांपूर्वी लिओचं खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा तो आणि स्टेला रोज दुपारी व्यायामासाठी इस्पितळात जायचे आणि स्किपर तेवढा वेळ एकटा भुंकत बसायचा. बर्नडेटची तेव्हा रात्रपाळी होती. दुपारची झोप मिळेना. तिनं भिंतीवर चप्पल मारून पाहिली, कानात कापूस घातला. उठून शेजारी जावं आणि सांगावं, एवढं साधं काम होतं. पण तक्रार घेऊन कुणाच्या दारात उभं राहायचं तिच्या जिवावर आलं. तिला जे येत होतं ते तिनं केलं. फोन उचलला, आणि त्याच शांत आवाजात, नाव न सांगता महापालिकेकडे तक्रार केली. नंतर आणखी एकदा केली. माणूस आला, नोटीस लावून गेला, दंडाची भाषा झाली. लिओनं स्किपरला प्लासेंशियाला भावाकडे नेऊन सोडलं. परत आला तेव्हा त्याच्या हातात नुसती साखळी होती. बर्नडेटनं ते पडद्याआडून पाहिलं होतं.

लिओला वाटलं, हे काम फिलोमिनाचं. तसं वाटणं साहजिक होतं. फिलोमिना खिडकीतून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायची, "लिओ, तुझा कुत्रा आहे का बंदरातला भोंगा?" जी ओरडायची तिच्यावर आळ आला. बर्नडेटला ते माहीत होतं. लिओनं फिलोमिनाशी बोलणं टाकलं हेही तिला दिसत होतं. ती काही बोलली नाही. आणि लिओ दर हिवाळ्यात स्वतःच्या पायऱ्यांवरचं बर्फ काढून झालं की तिच्याही पायऱ्या साफ करत राहिला.

त्या संध्याकाळनंतर बर्नडेटला एकच वाटायला लागलं, की लिओला पुन्हा त्या पायरीवर बसलेलं आपण पाहू शकणार नाही. रविवारी तिनं डिग्बीला तळघरात नेलं. खाली त्याची चादर घातली, पाणी ठेवलं, रेडिओ लावला आणि छोट्या खिडकीत गोधडी कोंबली, म्हणजे आवाज बाहेर जायला नको. तो वर येऊ बघत होता. त्याला पायानं मागे सारून तिनं दार लावलं आणि चर्चला गेली.

परत आली तेव्हा घर शांत होतं. पायऱ्या चढताना तिला इतकं हलकं वाटलं, की स्वतःशीच हसली. मग तळघराचं दार उघडलं.

डिग्बी सगळ्यात वरच्या पायरीवर होता. दाराची खालची बाजू कुरतडून लाकडाचा भुसा झाला होता. नखं फाटली होती, पायऱ्यांवर रक्ताचे पंजे उमटले होते, पुढचा एक दात तुटला होता. तिला बघून तो भुंकायला गेला. तोंड उघडलं, मान वर झाली, पण आवाज निघाला नाही. रडून रडून त्याचा घसा बसला होता. घर शांत होतं ते म्हणून.

जनावरांच्या डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी पंजे धुतले, पट्ट्या बांधल्या. बर्नडेट टेबलाजवळ हातात हात घट्ट धरून उभी होती.

"हे कसं झालं?" त्यांनी विचारलं.

"मी कोंडलं त्याला," बर्नडेट म्हणाली. "कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून."

डॉक्टर रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिनं पुढे स्टेलाला सांगितलं. "हा हट्ट नाहीये," त्या म्हणाल्या. "भीती आहे. ज्या माणसाजवळ वाढला ते माणूस एक दिवस दिसेनासं झालं. आता तुम्ही दाराबाहेर गेलात, की त्याच्या लेखी तुम्हीही गेलात त्या गेलातच. परत येता हे त्याला शिकवायला लागेल. अगदी थोडं थोडं. तो घाबरायच्या आत तुम्ही परत आत यायचं. किल्ल्या उचलायच्या आणि कुठेच जायचं नाही. कोट घालायचा आणि स्वयंपाक करायचा. जाताना फार लाड नकोत, आल्यावर सोहळा नको. आणि हे जमेपर्यंत त्याला एकटं सोडायचं नाही. एकदा जरी घाबरला, तरी पुन्हा पहिल्यापासून."

"मग मी दूध आणायला कशी जाऊ?"

"शेजारी आहेत ना कुणी?"

बर्नडेटनं नुसती मान हलवली. हो की नाही, ते डॉक्टरांना कळलं नसावं.

मग आमच्या गल्लीला एक नवीनच गोष्ट बघायला मिळाली. बर्नडेट कोट घालून बटाटे सोलत बसायची. किल्ल्यांचा जुडगा उचलायची, खुळखुळवायची, परत खुंटीला लावायची. दार उघडून पायरीवर यायची आणि लगेच आत. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. स्टेला कठड्यावर पायपुसणं झटकत होती. तिनं थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाली, "बर्नी, आत राहायचंय का बाहेर, एकदाचं ठरव बाई. दाराची बिजागरी रडायला लागली."

सुरुवातीला दाराला कडी लागताच डिग्बी धापा टाकायचा. मग हळूहळू ती पायरी उतरून रस्त्यापर्यंत जाईपर्यंत थांबायला लागला. पण तेवढ्यानं दूध येत नाही. घरातला चहा संपला, पाव संपला, ती ओट्याच्या कोपऱ्यातलं जुनं पीठ काढून भाकऱ्या थापून खायला लागली. आठवड्याच्या शेवटी लिओनं मागच्या दारावर टकटक केली आणि आमच्याकडच्या पद्धतीनं वाट न बघता आत आला.

"तू जा दुकानात," तो म्हणाला. "मी बसतो याच्याजवळ. आता आतच बसतो, पायरीपेक्षा खुर्ची बरी."

डिग्बी त्याच्या मांडीवर डोकं ठेवून उभा राहिला. लिओ त्याचा पडलेला कान बोटांत घेऊन चोळत होता. बर्नडेटनं कोट चढवला, पिशवी घेतली, दारापर्यंत गेली. तिथं उभी राहिली.

"लिओ," ती म्हणाली, "स्किपरचा फोन मी केला होता."

लिओचा हात कानावर फिरत राहिला.

"फिलोमिना नव्हती?"

"नाही. मी. दोन्ही वेळा."

"अगं, भिंतीवर हात मारला असतास. स्टेलाला म्हणाली असतीस."

"हो."

"तिचा टेरेन्स गेला," लिओ हळू म्हणाला. "लहानपणापासून एका बोटीत होतो आम्ही. त्याची शवपेटी घरात दर्शनाला ठेवली होती, सगळी गल्ली जाऊन आली. मी तिच्या दारापर्यंत गेलो. आतून तिचा आवाज ऐकला आणि मागे फिरलो. म्हटलं, या बाईच्या घरात पाय ठेवायचा नाही." त्यानं वर पाहिलं. "मी का नाही गेलो, हे तुला तेव्हा माहीत होतं, बर्नी?"

खोटं बोलावं असं एक क्षण तिच्या मनात आलं. सगळ्यात जास्त लाज त्या क्षणाची वाटते, असं ती म्हणते.

"माहीत होतं," ती म्हणाली. "मी आत सँडविचेस वाढत होते. तू मागे फिरलास ते मी खिडकीतून पाहिलं."

लिओ खुर्चीच्या हाताला धरून उठला. डिग्बी त्याच्यामागे दारापर्यंत गेला. "याच्या भांड्यातलं पाणी संपलंय," एवढं म्हणून लिओ बाहेर पडला. डिग्बी बंद दारापाशी बसून रडायला लागला, आणि त्या दिवशी बर्नडेट समोर असूनही तो गप्प होईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेला आली. विणकामाची पिशवी टेबलावर आपटली आणि खुर्ची ओढून बसली.

"मी तुझ्यासाठी आलेली नाही, हे आधी सांगते. तो म्हातारा घरात तोंड पाडून बसलाय. जेवला नाही. पण या मुक्या जिवानं कुणाचं काही वाईट केलेलं नाही. जा, काय आणायचं ते घेऊन ये."

"स्टेला, मी..."

"मला काही सांगू नकोस. तुझा आवाज फार गोड आहे, मी विरघळेन आणि मला आज विरघळायचं नाहीये. जा."

बर्नडेट दुकानाकडे उतरली नाही. ती चढ चढून फिलोमिनाच्या दारात गेली. फिलोमिना हातात लाटणं घेऊनच दारात आली. बर्नडेटनं उंबऱ्याबाहेर उभं राहून सगळं सांगितलं. स्किपर, फोन, आळ, टेरेन्सचा दिवस. फिलोमिना मोठ्या तोंडाची बाई, पण ऐकताना तिनं एक शब्द काढला नाही.

"मी त्या दिवशी दाराकडे बघत होते," शेवटी ती म्हणाली. "पेटी उचलेपर्यंत. टेरेन्सनं शेवटच्या आजारात दोनदा विचारलं होतं, लिओ का येत नाही म्हणून. मी म्हटलं, त्याचा पाय दुखतोय." तिनं लाटण्याला चिकटलेलं पीठ नखानं खरवडलं. "माझं काय चुकलं, माझं काय चुकलं, म्हणून मी किती डोकं फोडून घेतलं, तुला कल्पना नाही."

"नाही," बर्नडेट म्हणाली.

"आता तुला काय हवंय? मी म्हणू, जाऊ दे?"

"नको. तुला माहीत असावं म्हणून आले."

"कळलं," फिलोमिना म्हणाली आणि दार लावून घेतलं.

बर्नडेट तशीच रिकामी पिशवी घेऊन घरी आली. स्टेलानं पिशवीकडे पाहिलं, तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता स्वतःच्या घरातून चहाची पत्ती आणि डब्यातलं दूध आणून दिलं.

पुढचा सबंध महिना बर्नडेटला गल्लीतून मान वर करून चालता आलं नाही. कुणी तिला टोचून बोललं असंही नाही. फिलोमिनानं, कधी नव्हे ते, खिडकीतून काही जाहीर केलं नाही. पण आमच्याकडे बातमीला खिडकी लागत नाही. दुकानात ती शिरली की बोलणं जरा थांबायचं आणि मग हवामानावर जायचं. चर्चमध्ये तिनं गायनवृंदातली मधली जागा सोडून कडेची घेतली, आणि कुणी कारण विचारलं नाही.

लिओ मात्र एका दुपारी स्वच्छ सदरा घालून, टोपी हातात धरून वर फिलोमिनाकडे गेला. बराच वेळ आत होता. बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते, आणि फिलोमिना पायरीपर्यंत त्याचा दंड धरून आली. ते बर्नडेटनं पाहिलं. त्या वेळी ती कोट घालून स्वतःच्याच पायरीवर उभी होती आणि आत डिग्बी गप्प आहे का याचा कानोसा घेत होती. लिओ तिच्यासमोरून गेला. बोलला नाही.

काही दिवसांनी फिलोमिना बर्नडेटच्या स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. "माझा टीव्ही बिघडलाय," ती म्हणाली. "बुधवारी माझी मालिका असते. तुझा चालू आहे ना? मग तू जा तालमीला, नाहीतरी मालिका चालू असताना बोललेलं मला खपत नाही." तिचा टीव्ही बिघडला नव्हता, भिंतीपलीकडून स्टेलाला तो रोज ऐकू यायचा. बर्नडेट तालमीला गेली. परत आली तेव्हा डिग्बी फिलोमिनाच्या पायांवर आडवा पडून घोरत होता आणि फिलोमिना पाय हलवायला घाबरत होती. "पायाला मुंग्या आल्यात," ती तक्रारीच्या सुरात म्हणाली, "पण आत्ताच झोपलाय."

डिग्बी सुधारत गेला, पण सरळ रेषेत नाही. वादळ झालं, रात्रभर खिडक्या वाजल्या, त्यानंतर तो पुन्हा पायरीपलीकडे तिला जाऊ देईना. बर्नडेट पुन्हा किल्ल्या उचलून ठेवण्यापासून लागली. पूर्वी तिला आवाज चालत नसे, आता ती दाराबाहेर उभी राहून त्याचा एकेक आवाज ओळखायला शिकली. नुसतं कुरकुरणं वेगळं, जांभई वेगळी, घाबरून सुरू झालेली धाप वेगळी. धाप ऐकू आली की आत. वसंतात समुद्रातून तरंगत बंदरात बर्फाचे डोंगर आले तेव्हा ती दुकानापर्यंत जाऊन, रांगेत उभी राहून परत येऊ शकत होती, आणि तो उठून फक्त शेपटी हलवायचा.

लिओ आला तो तेव्हाच, एका सकाळी. मागच्या दारातून नाही, पुढच्या. टकटक करून थांबला.

"स्किपर गेला मागच्या हिवाळ्यात," तो दारातच म्हणाला. "तुला कुणी सांगितलं नसेल. म्हातारा झाला होता. भाऊ म्हणाला, शेवटपर्यंत गाडीचा आवाज आला की दाराकडे जायचा."

क्षमा मागावी, तर ती मागून काय होणार होतं? ती दाराची कड धरून उभी राहिली आणि तिचं तोंड कानापर्यंत तापलं.

"हे तुला सांगायला हवं होतं," लिओ म्हणाला. "एकट्यानं किती दिवस बाळगायचं." मग त्यानं हात पुढे केला. "साखळी दे त्याची. बंदरापर्यंत फिरवून आणतो. डॉक्टरांनी मला चालायला सांगितलंय."

तिनं साखळी दिली. डिग्बी दोन पावलं गेला, मागे वळून तिच्याकडे पाहिलं, आणि लिओबरोबर उतार उतरला. ते वळणाआड जाईपर्यंत ती पाहत राहिली, आणि तोवर आपण रडतोय हे तिला कळलं नाही.

त्यांची जुनी मैत्री परत आली असं मी म्हणणार नाही. लिओ रोज डिग्बीला नेतो, आणून सोडतो, दोन शब्द बोलतो. बर्नडेट अजून त्याच्याशी बोलताना त्याच्या टोपीकडे बघते, डोळ्यांकडे नाही. स्टेला तिची थट्टा करते, पण पूर्वीपेक्षा जरा जपून. रीटाला भेटायला ती दर पंधरा दिवसांनी कार्बोनियरला जाते आणि अर्धा दिवस डिग्बी घरात एकटा राहतो. रीटा आता तिला ओळखत नाही, पण कुत्र्याचा फोटो दाखवला की म्हणते, "हा रडतो का?" बर्नडेट म्हणते, "आता नाही रडत."

गेल्या उन्हाळ्यात चर्चच्या सभागृहात सगळ्यांचं जेवण होतं. खारवलेलं मांस, कोबी, वाटाण्याचं खिमट, नेहमीचंच. लिओ, स्टेला आणि फिलोमिना एका बाकावर बसले होते. बर्नडेट ताट घेऊन दूरच्या टोकाला, दाराजवळ बसायला निघाली. फिलोमिनानं तिला पाहिलं आणि अख्ख्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बर्नडेट, ते बटाट्याचं भांडं घेऊन इकडे ये. तिथं दारात उभी राहून कुणाला गार करतेयस?"

लिओ बाकावर थोडा सरकला. बर्नडेट भांडं घेऊन आली आणि मान खाली घालून तेवढ्या जागेत बसली.